चौघंच आहोत, सीनियर कोणी नाही: घरी जाऊन वृद्धांसोबत काम करणाऱ्यांनी एकमेकांना मेंटॉर करायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमध्ये चार जण आहेत, दोघी सायकॉलॉजिस्ट, एक एमएसडब्ल्यू म्हणजे सोशल वर्कमध्ये मास्टर्स झालेली आणि एक सायकियाट्री वॉर्डात काम केलेला नर्स, सगळे तिशीच्या अलीकडे-पलीकडे. चौघंही सत्तरी-ऐंशीच्या पेशंटकडे घरी जातात, कुठे डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश, कुठे डिप्रेशन, कुठे जोडीदार गेल्यावरचं रिकामं घर. वर विचारायला सीनियर कोणी नाही म्हणून ठरवलं की आपणच एकमेकांचे मेंटॉर व्हायचं. दोन मीटिंग बऱ्या झाल्या, तिसरीपासून नुसती रडारड आणि कुठल्या घरची सून कशी आहे याच्या गप्पा. आता विचारताय की हे असंच असतं का, की आमचं काही चुकतंय. शिवाय गोपनीयता कशी पाळायची आणि पैशांचं कसं करायचं, हेही विचारलंय.

चुकतंय. पण आमचंही सुरुवातीला अगदी असंच चुकलं होतं त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका. मी पुण्यात सायकियाट्रिक सोशल वर्कर आहे, १९ वर्षं झाली, त्यातली शेवटची १२ जवळजवळ पूर्ण होम व्हिजिटची. आमचा पाच जणांचा ग्रुप आहे, तो दोनदा बंद पडून तिसऱ्यांदा टिकलाय. तेव्हा जे सांगतेय ते बंद पडण्याच्या अनुभवातून जास्त आणि ट्रेनिंगमधून कमी, हे आधीच सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे ओपीडीत काम करणाऱ्यांचा पीअर ग्रुप, म्हणजे बरोबरीच्या सहकाऱ्यांचा ग्रुप, आणि आपला, यात फरक आहे आणि तो फरक न ओळखल्यामुळेच बरेचसे ग्रुप गप्पांवर येतात. ओपीडीत पेशंट आपल्याकडे येतो, खुर्ची आपली, वेळ आपली, बाहेर सिस्टर बसलेली, शेजारच्या खोलीत डॉक्टर, काही अडलं तर दार उघडून विचारता येतं. घरी आपण पाहुणे असतो. चप्पल कुठे काढायची इथपासून ते ठरवणार. चहा नको म्हटलं तर आजींना राग येतो, घेतला तर पुढच्या वेळी पोहे, त्याच्या पुढच्या वेळी दिवाळीचा फराळ आणि मग एक दिवस ‘तुम्ही आमच्या मुलीसारख्याच, तेवढं लाईट बिल भरता का मोबाईलवरून’. अमेरिकेतला मुलगा भारतातल्या सकाळी सहाला व्हॉट्सॲप कॉल करतो कारण त्याची तिकडे संध्याकाळ असते. ब्युरोकडून पेशंटला सांभाळायला आलेल्या मावशी दारामागे उभ्या राहून सगळं ऐकतात. यातलं काहीही केस शीटवर येत नाही, आणि मीटिंगमध्ये आपण सांगतो काय, तर जीडीएसचा, म्हणजे वृद्धांमधलं डिप्रेशन मोजायच्या प्रश्नावलीचा, स्कोअर ११ होता, आता ८ झालाय. अरे पण त्या ५० मिनिटांत त्या घरात घडलं काय?

म्हणून आमचा पहिला नियम, निदान नंतर, आधी घर. दारापासून दारापर्यंत सांगायचं. दार कोणी उघडलं, कुठे बसवलं, पेशंट कुठे होता, टीव्ही चालू होता का, कोण मध्येमध्ये बोललं, निघताना कोणी काय म्हटलं, हातात काय दिलं. पहिल्यांदा हे फार बाळबोध वाटतं, पण सांगता सांगता माणूस अडखळतो बघा कुठेतरी. बहुतेक वेळा जिथे अडखळतो तिथेच खरा विषय असतो.

आता माझीच फजिती सांगते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, आणि हे तुम्हीही करायचं, त्याबद्दल पुढे.) एक आजोबा, ८१ वर्षांचे, पत्नी गेल्यावर बोलणंच बंद केलेले. मी दर गुरुवारी जायचे. साडेचार महिने. ॲक्टिव्हिटी शेड्यूल, कुंड्यांना पाणी, जुने फोटो, सगळं करून झालं होतं, प्रगती म्हणाल तर जेमतेम. ग्रुपमध्ये मी दर वेळी सांगायचे की मुलगा लक्ष देत नाही, आणि सगळे मान हलवायचे, कारण गोष्ट सांगणारी मी आणि माझ्या गोष्टीत चूक मुलाचीच असणार ना! शेवटी आमच्यातली एक जण म्हणाली मी येते एकदा सोबत. आजोबांची परवानगी घेतली, आली, कोपऱ्यात मोड्यावर बसली, अक्षरशः एक शब्द बोलली नाही. परत येताना जिन्यात म्हणाली, ‘अगं, तू त्यांची सून झालीयेस.’ मी चिडलेच. तिने वहीतून वाचून दाखवलं. आल्या आल्या मी गोळ्यांचा डबा भरला. मग मुलाचा फोन आला तो आजोबांऐवजी मी घेतला. प्लंबरला फोन केला. पन्नास मिनिटांपैकी तीसएक मिनिटं मीच बोलत होते. आणि मग म्हणाली, ‘शिवाय त्यांना ऐकू येत नाहीये, ते तुझ्या तोंडाकडे बघून हो हो म्हणतायत, तू खिडकीकडे तोंड करून विचारलंस तेव्हा उत्तरच आलं नाही.’

साडेचार महिने! मला कळलं नाही कारण मी जवळ बसायचे, मोठ्याने बोलायची सवयच झालेली आपल्याला. कान तपासले तर दोन्हीकडे मळ घट्ट बसलेला, तो काढून मग मशीन लावलं. लगेच हसायला-बोलायला लागले वगैरे काही झालं नाही, डिप्रेशन होतंच. पण पुढच्या महिन्यात ते मुलाशी स्वतः फोनवर बोलायला लागले आणि मला कळलं की मुलगा रोज फोन करत होता, यांना ऐकूच जात नव्हतं म्हणून हे उचलत नव्हते.

हे सगळं खोलीत बसून कधीच कळलं नसतं. त्यामुळे तुमच्या चौघांना माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं हेच की मीटिंग महिन्यातून एक कमी करा पण जोडीने व्हिजिट करा. प्रत्येकाची एक तरी केस दुसऱ्याने तीन महिन्यांतून एकदा प्रत्यक्ष बघितलीच पाहिजे, कारण बोलताना आपण सगळेच आपल्या गोष्टीचे नायक असतो. सोबत गेलेल्याने तिथे सल्ला द्यायचा नाही, पेशंटसमोर ‘मॅडम असं करून बघा’ तर अजिबातच नाही. बघायचं, लिहायचं, आणि बोलायचं ते बाहेर पडल्यावर त्याच दिवशी, चहाच्या टपरीवर बसून का होईना. दोन दिवसांनी बोललं की ते गुळगुळीत होऊन येतं.

प्रत्येक वेळी सोबत जाणं जमणार नाही हे उघड आहे. आजोबा-आजींची परवानगी असेल तर सेशन रेकॉर्ड करून ग्रुपमध्ये ऐकता येतं. गोव्यात मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संगात या संस्थेच्या लोकांनी हे फार नीट केलंय. त्यांचे समुपदेशक मानसशास्त्राची पदवी नसलेले, तिथलेच साधे लोक, ते डिप्रेशनवरची सेशन टेप करायचे आणि मग ग्रुपमध्ये ऐकून एकमेकांना ठरलेल्या तक्त्यावर गुण द्यायचे. त्यावरचा अभ्यास २०१४ मध्ये आला. तज्ज्ञ नसतानाही सहकारी एकमेकांचं काम कामापुरतं नीट पारखू शकतात, असं त्यातून दिसलं. सीनियर नाही म्हणून अडून बसलेल्यांना मी हे उदाहरण नेहमी देते. आणि घरी जाण्याबद्दल बोलायचं तर त्याच्याही आधी, २००८ मध्ये गोव्यातलाच डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांचा डिमेन्शियावरचा अभ्यास आहे, ८१ कुटुंबं, सहा महिने, होम केअर ॲडव्हायझर घरी जाऊन सांभाळणाऱ्यांना मदत करायचे. सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारलं. पण लक्षात घ्या, त्या ॲडव्हायझरना मोकळं सोडलेलं नव्हतं, त्यांच्या पाठीशी एक समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ होते. आपल्याकडे हे मागे कोणीतरी असणंच गळून पडतं. मी एका होमकेअर कंपनीसाठी दीड वर्ष काम केलं, तिथे ॲपवर चेक-इन चेक-आउट होतं, गाडीखर्चाचा कॉलम होता, पण ‘आज तुला काय जड गेलं’ हे विचारणारं माणूस एकही नव्हतं. (गाडीखर्चही दोन महिने उशिराच यायचा, ते असो.)

देशात साठीच्या पुढच्यांमध्ये डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के धरलं जातं, म्हणजे साधारण ८८ लाख माणसं. यातले बहुतेक घरीच आहेत आणि घरीच राहणार. आपलं काम वाढणारच आहे, कमी नाही होणार.

रडारडीबद्दल. ती बंद करू नका, तिला वेळ बांधून द्या. आमच्याकडे नव्वद मिनिटांतली पहिली पंधरा मोकळी, कोणीही काहीही बोला, चिडा, रडा, सल्ला कोणी द्यायचा नाही. मग एकच केस, जास्तीत जास्त दोन. केस आणणाऱ्याने अर्धं पान लिहून आणायचं आणि शेवटची ओळ प्रश्नाचीच हवी. ‘मला ही केस शेअर करायची होती’ असं नाही चालत. ‘आजी दर वेळी मी निघताना हात धरून ठेवतात आणि मी वीस मिनिटं जास्त थांबते, मला उठता का येत नाही’ हा प्रश्न झाला. बाकीच्यांनी पहिली दहा मिनिटं फक्त प्रश्न विचारायचे, आणि ‘तुम्ही असं का नाही केलं’ हा प्रश्न नसतो, तो टोमणा असतो, त्यामुळे तो बाद.

या टोमण्यावरूनच आमचा पहिला ग्रुप मोडला. आमच्यातल्या सगळ्यात लहान मुलीने एका घरात बघितलं की मावशींनी आजींची दोन्ही मनगटं ओढणीने पलंगाच्या कठड्याला बांधलीयेत. कारण आजी रात्री नळी उपसतात. आजींची मुलगी म्हणते, झोपू तरी देत नव्हती हो. ही पोरगी गोठून गेली, काही न बोलता सेशन करून आली, आणि तीन आठवडे कोणाला सांगितलं नाही. शेवटी ग्रुपमध्ये सांगितलं तर आम्ही चार शहाण्या एकदम तुटून पडलो, अगं मग सोडवलं का नाहीस, लिहून का नाही ठेवलंस, आधी का नाही सांगितलंस. बरोबरच होतं आमचं सगळं, पण त्यानंतर तिने काहीही आणणंच बंद केलं. मग आणायची ती फक्त छान झालेल्या केस. आणि एकेक करत सगळ्याच जणी छान झालेल्या केस आणायला लागल्या, मग मीटिंगला यायचं तरी कशाला? आता कोणी असं काही सांगितलं तर क्रम ठरलेला आहे. आधी, ‘तू ठीक आहेस का.’ मग, ‘आत्ता आजी सुरक्षित आहेत का.’ आणि त्यावर लगेच हालचाल करायची, त्याच संध्याकाळी दोघींनी जाऊन आजींच्या मुलीशी बोलायचं, डॉक्टरांना नळीबद्दल विचारायचं, हाताला बांधण्याऐवजी काय करता येईल ते बघायचं. छळच असेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, आईवडील आणि ज्येष्ठांसाठीच्या २००७ च्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडचं ट्रिब्युनल आहे. तू काय चुकलीस हा विषय पुढच्या मीटिंगचा, आणि तोही तिने काढला तर.

दोघादोघांच्या जोड्या लावा. चौघांत हे सोपं आहे. पण मैत्रिणी-मैत्रिणींची जोडी नको, त्या एकमेकींना कधीच टोकत नाहीत. तुमच्यात नर्स आहे ही लॉटरी आहे समजा. एका सायकॉलॉजिस्टची जोडी त्याच्याशीच लावा, कारण आपल्या कामात मनाचं वाटलेलं निम्मं शरीराचं निघतं. आमच्याकडे जोडीदाराला व्हिजिटला जाताना एक मेसेज आणि निघाल्यावर एक मेसेज असतो, पत्ता नाही, नुसतं ‘आत’ आणि ‘बाहेर’. ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासात ‘बाहेर’ आला नाही तर फोन करायचा. सुरुवात आम्ही सुरक्षेसाठी केली, एकट्या मुली अनोळखी फ्लॅटमध्ये जातात म्हणून, पण खरा फायदा त्या ‘बाहेर’नंतरच्या दोन मिनिटांच्या फोनचा झाला. एकदा माझ्या जोडीदाराचा असाच फोन आला.

‘ताई, आजी आज जरा वेगळ्याच वाटल्या. भिंतीवर मुंग्या आहेत म्हणत होत्या. मुलगा म्हणतो डिमेन्शिया वाढला.’

‘कधीपासून?’

‘परवापासून.’

‘सकाळी कशा असतात?’

‘सकाळी बऱ्या, मला ओळखलंही. मध्येच झोपायला लागल्या.’

‘नवीन गोळी काही? लघवीची जळजळ? पाणी पितायत?’

डिमेन्शिया दोन दिवसांत वाढत नसतो. दोन दिवसांत असं चढउतार करत बदललं म्हणजे आधी डिलिरियम, शरीरातल्या बिघाडामुळे अचानक उडालेला मेंदूचा गोंधळ, समजायचं आणि त्याच दिवशी डॉक्टर. तिने जिन्यातूनच मागे फिरून मुलाला सांगितलं. रक्तात सोडियम बरंच कमी निघालं, दोन आठवड्यांपूर्वी डिप्रेशनची गोळी सुरू झाली होती, वयस्कर माणसांत त्या गोळ्यांनी हे होतं. पंधरा दिवसांनी ग्रुपमध्ये शांतपणे सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हतीच. आत्महत्येबद्दल कोणी सूचक बोललं तर तेही तसंच, मीटिंगची वाट बघायची नाही, आणि वृद्ध माणसं ते फार सौम्य शब्दांत सांगतात, ‘आता माझं सगळं झालं’, ‘पासबुकं कुठे आहेत ते तुम्हाला दाखवून ठेवतो’. हे ऐकलं की सरळ विचारायचं, घरच्यांना आणि डॉक्टरांना गाठायचं, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर घरात लिहून ठेवायचा. पीअर म्हणजे सायकियाट्रिस्टची जागा नाही. तुम्हीही महिन्यातून एकदा तासभर देणारा एखादा सायकियाट्रिस्ट गाठा, पैसे देऊन गाठा, फुकट घेतलेला वेळ कॅन्सल होत राहतो.

अजून एक ठिकाण आहे जिथे जोडीदाराला फोन केल्याशिवाय पुढे जायचंच नाही, ते म्हणजे सही. ‘मॅडम, तुम्ही बाबांना इतके दिवस ओळखता, मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करा ना.’ किंवा ‘बाबांचं डोकं ठीक आहे असं लिहून द्या.’ चहा-पोह्यांच्या ओझ्याखाली माणूस तिथेच पेन उघडतो. आमच्याकडे उत्तर ठरलेलं आहे, ‘मला ऑफिसमध्ये विचारावं लागेल.’ आमचं ऑफिसच नाहीये, पण जोडीदार म्हणजे ऑफिस. तसंच चहातून झोपेची गोळी लपवून देण्याचं. घरचे सहज सांगून जातात आणि आपण मान हलवली तर ती संमती समजली जाते.

गोपनीयतेचं विचारलंत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २३ मध्ये पेशंटचा गोपनीयतेचा हक्क आहे, उपचारासाठी दुसऱ्या व्यावसायिकांना माहिती देता येते अशी सवलतही त्यात आहे, पण ती सवलत म्हणजे ग्रुपवर किस्से सांगायचा परवाना नव्हे. पहिल्या भेटीतच सांगून टाका की माझं काम नीट व्हावं म्हणून मी नाव न घेता सहकाऱ्यांशी बोलते, चालेल ना? आणि नाव न घेणं पुरेसं नसतं हो. नाशिकमध्ये ‘गंगापूर रोडचे रिटायर्ड प्रिन्सिपल, मुलगा जर्मनीत’ म्हटलं की अर्ध्या गावाला कळलं. पेशा बदला, मुलाचा देश बदला, आजोबांची आजी करा. व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त मीटिंगची वेळ. फोटो नाही, रिपोर्ट नाही, व्हॉइस नोट तर नाहीच, ती गाडीत ब्लूटूथवर वाजते आणि शेजारी नवरा बसलेला असतो, हे झालेलं आहे.

आणि एका गोष्टीची तयारी कोणीच करून घेत नाही. आपल्या केस बऱ्याचदा पेशंट गेल्यावरच बंद होतात. दोन वर्षं दर मंगळवारी ज्या घरी गेलो तिथला मेसेज येतो, ‘आई पहाटे गेली’, आणि अकराला आपली दुसऱ्या घरी व्हिजिट असते. आपण नात्यातले नाही, सुतक नाही, रजा नाही. भेटायला जायचं का, तेराव्याला बोलावलं तर पानावर बसायचं का, हे प्रश्न फालतू वाटतात पण प्रत्येकाला पडतात आणि एकट्याने सोडवताना माणूस किंवा फार गुंततो नाहीतर एकदम दगड होतो. आमच्या ग्रुपमध्ये कोणाचा पेशंट गेला की त्या आठवड्यात जोडीदार एक व्हिजिट वाटून घेतो आणि मीटिंगची पहिली पंधरा मिनिटं त्याच माणसाची. काय आवडायचं त्यांना, शेवटचं काय बोलले. एकदा एका आजींबद्दल बोलताना आम्ही पंधरा मिनिटं नुसत्या त्यांच्या शिव्या आठवून हसत होतो. मी स्वतः एकदा भेटायला जाते, दहाव्याच्या आधी, जोडीदाराला सांगून, आणि त्या भेटीचे पैसे घेत नाही. तेराव्याला नाही जात. तुमचं तुम्ही ठरवा, पण चौघांनी मिळून आधीच ठरवा, म्हणजे त्या दिवशी ठरवावं लागत नाही.

पैशांचं शेवटी विचारलं होतं. जोडीच्या व्हिजिटचे कुटुंबाकडून जादा पैसे घ्यायचे नाहीत, ती आपल्या शिकण्यासाठी असते. पेट्रोल ज्याची केस त्याचं. आणि एकमेकांना पेशंट पाठवलात तर त्यावर कमिशन नको, आमचा दुसरा ग्रुप त्यावरून मोडला, ती गोष्ट मोठी आहे आणि मला अजून राग येतो त्यामुळे आत्ता नको.